सटवाई येण्याआधी

सत्तरचं दशक सरत आलंय. पाचोडजवळच्या एका वाडीत, बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीच्या उंबऱ्यात तुम्ही उभे आहात. बाजेखाली गोवऱ्यांची धग, डोळ्यांत धूर. लेकरू पहाटे जन्मलंय, अजून आईच्या छातीला लागलेलं नाही. सासू गुळाच्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून त्याच्या ओठांवर पिळते. सुनेचा घट्ट, पिवळा चीक वाटीत काढते आणि परसात ओतून येते. "चीक बाधतो. तिसऱ्या दिवशी पाजू."

त्या वाटीत बाळाची पहिली लस होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण इथं तुमचं कोण ऐकणार? सासू दुष्ट नाही. तिच्या स्वतःच्या बाळंतपणांत हेच झालं, आणि दगावलेली लेकरं का गेली ते तिला कुणी सांगितलंच नाही.

ती ऐकते दाईचं. नाळ कापणारी तीच, पाचवीला पाटा-वरवंटा पुजून सटवाईसाठी कोरा कागद नि लेखणी मांडायला सांगणारीही तीच. डॉ. अशोक दयालचंद यांनी पाचोडला आरोग्याचं काम उभारलं ते अशा दाईंना हाताशी धरून. फार शहाणपणाचं पाऊल होतं ते.

आता काही वर्षं पुढं या. वाडी तीच, घर दुसरं. दाई बाळ कोरडं पुसते, वार पडायच्या आत आईच्या उघड्या छातीवर ठेवते. सासू गुळाकडे वळते, तशी दाई म्हणते, "सटवाई पाचव्या रातीला येती. तवर लेकरानं उपाशी ऱ्हायचं व्हय?" सासू वाटी खाली ठेवते. श्रद्धेला धक्का न लावता दाईनं चीक पाजायचा पहिला तास वाचवला.

तिथून थेट आजच्या नाथषष्ठीला या. दिंड्या पैठणला निघाल्यात. तापल्या वाळूतलं अस्पृश्याचं लेकरू नाथांनी कडेवर उचललं, ती कथा कीर्तनकार रंगवून सांगतोय. मंडपाच्या कडेला एक तरुण आई पदर सावरत आडोसा शोधतेय. पंढरीच्या पालखीमार्गावर लेकराला पाजायला हिरकणी कक्ष उभे राहिले. मग गावोगावच्या सप्ताहाच्या मंडपात एक पडदा, एक खुर्ची, पाण्याचा तांब्या का नको? हाच निरोप मशिदीतूनही जावा; कुराणानं तर आईच्या दुधाची पुरी दोन वर्षं सांगितलीत. जुम्म्याला इमामांनी तेवढं बापांच्या कानी घालावं. आणि मंडपातल्या कीर्तनकाराला गाठा. नाथांच्या त्याच कथेच्या ओघात त्यानं चिकाचं नाव घ्यावं, समोर सासवा बसलेल्या असताना.