कोल्हापूर आणि कलम २०

१९७६ च्या फेब्रुवारीत नागरी कमाल जमीन धारणा कायदा अमलात आला. महाराष्ट्रातील ज्या शहरांना तो लागू झाला, त्यांत मुंबई-पुण्याबरोबर कोल्हापूरही होते. मूठभरांच्या हाती जमीन साठू नये, गोरगरिबांना घरापुरती जागा मिळावी, हा त्यामागील हेतू. त्या हेतूशी आमचे भांडण नाही. पण कोल्हापूर म्हणजे मुंबई नव्हे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसविली, तेव्हापासून ऊस आणि पेठ येथे शेजारी शेजारी नांदत आली.

कोल्हापुरात कमाल मर्यादा होती २,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ २० गुंठे. त्याहून अधिक मोकळी जमीन असणाऱ्याने विवरणपत्र भरायचे. प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत ती विकायची नाही, गहाण टाकायची नाही, मुलीच्या नावे बक्षीसही द्यायची नाही. मुख्यत्वे शेतीसाठी वापरली जाणारी जमीन यातून वगळलेली होती. परंतु नगररचनेच्या आराखड्यात तीच जमीन शेतीखेरीज अन्य कामासाठी दाखविली असेल, तर उभ्या उसाचे रानही कायद्याच्या दृष्टीने मोकळी जमीन ठरे. नांगर धरणाऱ्याला ही गोष्ट कशी समजवावी?

सरकारजमा झालेल्या जमिनीचा मोबदला कोल्हापूरसारख्या शहरांत चौरस मीटरला फार तर ५ रुपये. एकरभर जमिनीचे वीस हजारांच्या आसपास होत. त्यांतील चौथा हिस्सा रोख आणि उरलेल्याचे २० वर्षांचे रोखे, व्याज ५ टक्के. आज रोख्यांचे नाव काढले की जुनी माणसे हसतात. त्या काळी कोणी हसले नसेल.

एक दार मात्र उघडे ठेवलेले होते. कलम २० अन्वये, कायदा लागू केल्याने एखाद्यावर अवाजवी संकट ओढवेल अशी राज्य सरकारची खात्री पटल्यास, कारणे लेखी नोंदवून त्या जमिनीस सूट देता येई. चर्च, मंदिर, वक्फ यांच्या जमिनींना असा अर्ज करावा लागत नसे. धार्मिक वा धर्मादाय कामासाठी आवश्यक असून प्रत्यक्ष त्यासाठीच वापरात असलेली सार्वजनिक न्यासांची जमीन कलम १९ नेच मुक्त होती. म्हणजे धर्मग्रामाची जमीन आपोआप वाचे. धर्मग्रामातील कुटुंबाला मात्र आपले दारिद्र्य कागदावर सिद्ध करावे लागे.

आणि संकट म्हणजे तरी काय? मर्यादेहून अधिक जमीन बाळगणारा माणूस संकटात असू शकतो, हेच पुष्कळांना पटत नसे. पण जमीन आहे आणि हाती पैसा नाही, ही दशा आपल्यापैकी अनेकांनी घरात पाहिली आहे. समजा, सावकाराचे देणे डोक्यावर आहे. अधिक जमीन विकून ते फेडू द्या, अशी विनंती या दारातून करता येते का? १९९३ मध्ये एस. वासुदेव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटले. सूट विक्रीसाठी दिली तर कायद्याचा हेतूच बुडतो, असा तो विचार होता. १९९६ मध्ये टी. आर. थंडूर प्रकरणात त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो निर्णय फिरविला: कर्जबाजारीपण हेही संकटच, आणि ते निवारण्यासाठी विक्रीची मुभा देता येते. आमच्या मते दुसरा निर्णय अधिक माणुसकीचा होता. पण तो यायला कायद्याच्या जन्मापासून वीस वर्षे लागली. सावकाराचे व्याज तेवढे थांबत नाही.

केंद्राने हा कायदा १९९९ मध्ये रद्द केला; महाराष्ट्राने ते निरसन २९ नोव्हेंबर २००७ रोजी स्वीकारले. ज्या अतिरिक्त जमिनीचा ताबा सरकारने तोवर घेतला नव्हता, ती मालकाकडेच राहिली. मोबदला उचलला असेल तर तो परत करावयाचा, एवढेच. ज्याचा अर्ज नामंजूर झाला, पण ताबा हातचा गेला नाही, तो असा सुटला. ज्याला सूट मिळाली होती, त्याची सूट निरसनानंतरही वैध राहिली. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने त्या सुटीसोबत घातलेल्या अटीही टिकून आहेत असा निर्णय दिला.