त्वचा आणि वारसा

आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा व किनवट हे मराठी मुलूख १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आले, हे आपण जाणतोच. परंतु त्याच वर्षी, साडेचार महिने आधी, तेथे आणखी एक सीमा पुसली गेली होती. ती माणसाच्या कातडीवर होती. १७ जून रोजी अमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २८ व्या कलमाने, रोग किंवा व्यंग यांवरून कोणाचाही वारसाहक्क बुडणार नाही असे ठरविले.

याज्ञवल्क्यस्मृतीने असाध्य रोग्याला वाटा नाकारला, पण त्याचे पोषण कुटुंबावर बंधनकारक केले. निषेधाचा सारा पाया ‘असाध्य’ या शब्दावर होता. लोकांनी निषेध तेवढा ध्यानात ठेवला. पोषणाचा भाग सोयीस्करपणे विसरला गेला.

सुश्रुताने त्वचेचे सात थर सांगितले. चौथ्या ‘ताम्रा’ थरात त्याने कुष्ठ व किलास, म्हणजे आपण ज्याला कोड म्हणतो ते, एकत्र बसविले. पाचव्या थराचे नाव ‘वेदिनी’, म्हणजे जाणणारी. आज आपण बाह्यत्वचा व अंतस्त्वचा असे भाग मानतो; अंतस्त्वचेत स्पर्शाचे मज्जातंतू, घर्मग्रंथी आणि केसांची मुळे असतात. हान्सेनने १८७३ मध्ये नॉर्वेत शोधलेला जंतू याच मज्जातंतूंत घर करतो. म्हणून महारोगाच्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही, घाम येत नाही, केस झडतात. कोडाच्या पांढऱ्या डागाला मात्र सुईचे टोकही कळते. तरी विवाह ठरविताना आपल्या घरांतून कोडालाही महारोगाच्याच पंक्तीला बसविले जाते!

ब्रिटिश अमदानीतील न्यायालयांनी निराळाच भेद केला. व्रणयुक्त, उग्र महारोग असेल तरच वारसा जाई. केवळ बधिरता असल्यास तो टिके. वकील म्हणून आम्हांस या भेदाचे कौतुक वाटे. पुढे कळले की बधिर पायाला निखारा लागतो, काटा रुततो, रोग्याला कळत नाही, आणि त्यातूनच व्रण पडतो. आपली जमीन न जाणवलेल्या एका काट्यावर अवलंबून आहे, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक असण्याचा संभवच नव्हता. १९२८ च्या कायद्याने जन्मजात वेड व जडत्व वगळता ही अपात्रता काढली. पण तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. आदिलाबाद निजामाच्या राज्यात होते.

पलीकडे वरोऱ्यास बाबा आमट्यांनी १९५१ मध्ये सहा रुग्णांसह आनंदवन वसविले. घरच्या शेतातून उठविलेल्यांनी तेथे खडकाळ माळावर शेती पिकविली. त्याच सुमारास डॅप्सोन हे औषध प्रचारात येत होते. १९८१ पासून बहुविध औषधोपचार आले आणि ‘असाध्य’ हा शब्दच निराधार ठरला. तथापि महारोग हे घटस्फोटाचे कारण आमच्या हिंदू विवाह कायद्यात २०१९ पर्यंत छापलेले होते. औषध आल्यावर अडतीस वर्षे!

आज सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो, आणि औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. घरात कोणाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला, तर तो अंगरख्याखाली झाकू नये. त्याच आठवड्यात तेथे दाखवावा.