जुन्या गाडीचा ब्रेक आणि उस्तादांचा इल्म

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर दरवाजे, मकबरे आणि तटबंदी उभी राहते. पूर्वीच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ते साहजिकच आहे. पण शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यावरून रोज कामाला जाणाऱ्या माणसांच्या काळ्या, ग्रीसने माखलेल्या हातांनाही इतिहास आहे. शाळेच्या पुस्तकात तो सहसा येत नाही. जुन्या फियाटच्या ब्रेकचा एखादा भाग शोधायला निघालो की मात्र तो समोर येतो.

आमच्या मुलखात मोटार रुजली ती निजामाच्या काळात. जून १९३२ मध्ये निजाम राज्याच्या रेल्वेने २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी घेऊन सरकारी बससेवा सुरू केली. गाडी आली तशी ती दुरुस्त करणारी माणसेही लागली. उस्तादाच्या हाताखाली शागीर्द तयार होऊ लागले. पुस्तक नव्हते, परीक्षा नव्हती. पाहायचे, करायचे आणि चुकले तर पुन्हा करायचे.

त्याच काळात ब्रेकही बदलत होता. आधी पेडलपासून चाकापर्यंत तारा व सळ्या असत. त्या कमीजास्त ताणल्या की गाडी एका बाजूला ओढत असे. १९२१ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना तेलाच्या दाबाचे ब्रेक आले. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम आम्ही वर्गात फळ्यावर लिहितो. समोर बसलेल्या एखाद्या मुलाचे वडील तोच नियम रोज पायाखाली अनुभवत असतात.

आता फियाटकडे वळू. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली. तीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिचा मूळ साचा फारसा बदलला नाही. स्वातंत्र्यानंतर सरकारचे धोरण असे होते, की परदेशी भाग आणून नुसते जोडू नका, इथेच बनवा. त्यामुळे भागांचे कारखानेही उभे राहिले. १९६२ मध्ये मद्रासजवळ पाडी येथे टीव्हीएस समूह व इंग्लंडची ल्यूकस कंपनी यांनी ब्रेक्स इंडिया सुरू केली. जुन्या भागावर ‘गर्लिंग’ हे नाव दिसते ते याच नात्यामुळे. गाडी इटलीची, कारखाना कुर्ल्याचा, ब्रेकच्या भागावर इंग्रजी नाव आणि दुरुस्ती आमच्या गल्लीत!

हा वंश माहीत नसेल तर भाग सापडत नाही. फियाटचे आटे मेट्रिक मापाचे; ॲम्बॅसडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची मुलगी, तिचे माप इंचात. दोन्ही नळ्या हातात सारख्याच वाटतात, पण एकीचा नट दुसरीत बळेच फिरवला तर आटे जातात आणि तेल झिरपू लागते. म्हणून जाणता उस्ताद आधी गाडीचे साल विचारतो, मग जुना भाग मागतो आणि सिलिंडरचे आतले माप घेतो. जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून तेलाचा एकच मार्ग असे. एक नळी फुटली की पेडल थेट तळाला जाते, उरतो फक्त हँडब्रेक. पुढे दोन मार्गांचा मास्टर सिलिंडर आला. तेव्हा ‘फियाटचा मास्टर सिलिंडर द्या’ एवढे सांगून भागत नाही.

भाग नवाकोरा दिसला तरी खरा असतोच असे नाही. वर्षानुवर्षे डब्यात पडलेले रबराचे वायसर कडक होतात. ते पेट्रोलने धुतले किंवा ब्रेकमध्ये इंजिनचे तेल ओतले, तर रबर फुगते आणि ब्रेक जाम होतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. त्यातून सिलिंडर आतून गंजतो. गंज खोल असेल तर लेथवर छिद्र मोठे करून आत स्लीव्ह बसवतात आणि मूळ माप परत आणतात. मिळत नसलेला भाग असा वाचवणे हा खरा हुनर. लायनर बदलायचे तर एका धुरीच्या दोन्ही चाकांचे एकदम, नाहीतर गाडी ओढते. या हुनराची किंमतही आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडून हवेने धूळ उडवली की ती फुप्फुसात जाते आणि तिचा आजार कित्येक वर्षांनी डोके वर काढतो. धूळ उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, एवढे तरी प्रत्येक शागिर्दाला सांगितले पाहिजे.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला. ॲम्बॅसडरचे उत्पादन त्याआधीच, २०१४ मध्ये थांबले होते. ज्यांच्याकडे या गाड्या शौकाने जपलेल्या आहेत ते आता कुर्ल्यापासून चोरबाजारापर्यंत फिरतात. भाग कधी सापडतो, कधी नाही. पण भाग सापडूनही तो बसवणारा हात नसेल तर?

अल-जझरी या कारागिराने १२०६ मध्ये आपल्या यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. मापे दिली, आकृत्या काढल्या, जोडणी सांगितली. म्हणून आठशे वर्षांनी त्याची यंत्रे पुन्हा बांधता आली. आमच्या उस्तादांचा इल्म मात्र त्यांच्या बोटांत आहे आणि त्यांच्याबरोबरच जाईल. त्यांना लिहिण्याची फुरसत मिळाली नाही. आम्हांला लिहिता येते, पण आम्ही कधी गॅरेजच्या पायरीवर बसलो नाही. शिकलेला आणि कारागीर यांच्यातली ही भिंत आम्हीच पाडायची आहे. एक वही, एक मापपट्टी आणि वर्गातली दोन मुले घेऊन सुरुवात होऊ शकते. उर्दूत लिहा, मराठीत लिहा. पण उस्ताद आहेत तोवर लिहून घ्या.