गेंदाच्या जाती ओळखणे

पावसाळ्यात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर, जांभ्या दगडावरील पातळ ओल्या मातीत, पांढऱ्या गुंड्यांसारखी दिसणारी वनस्पती म्हणजे गेंद. प्रजाती एरिओकॉलॉन, नावाचा ग्रीक अर्थ ‘लोकरी देठ’. लिनीअसने ती १७५३ मध्ये प्रसिद्ध केली. प्रत्येक गुंडी म्हणजे एक फूल नव्हे, तर सूक्ष्म एकलिंगी फुलांचा स्तबक होय.

उंची, पाने आणि गुंडीचा आकार पाणी-मातीप्रमाणे बदलतात. केवळ त्यांवरून, किंवा नुसत्या छायाचित्रावरून, जात ठरवणे धोक्याचे. भिंगाखाली स्तबक उकलावाच लागतो. स्त्रीपुष्पाची निदले दोन की तीन, पाकळ्या आहेत की नाहीत, परागकोश काळे की फिकट, हे पाहावे. भातखाचरांतही उगवणारा एरिओकॉलॉन सिनेरियम फिकट परागकोशांमुळे वेगळा पडतो. बहुतेक भाईबंदांचे परागकोश काळे असतात. सर्वांत भरवशाची खूण पक्व बीजात सापडते: बीजावरणावरील सूक्ष्म उंचवट्यांची ठेवण. म्हणून कोवळा नमुना उपटून आणणे व्यर्थ, आणि त्या रोपाचेही नुकसानच.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील डॉ. एस. आर. यादव आणि सहकाऱ्यांचे या प्रजातीवरील काम मोलाचे आहे. एरिओकॉलॉन कोल्हापुरेन्स या जातीच्या नावात तर हा जिल्हाच आहे.