परसबाग श्रावणातच गवतात हरवते? आधी वाफ्यांमधली वाट बघा

जूनमध्ये पहिला पाऊस झाला की घरामागच्या मोकळ्या जागेत वाफे तयार होतात. भेंडी, गवार, दोडका, मिरची लागते. फोटोही टाकले जातात. श्रावणात त्याच जागेचं चित्र वेगळं असतं. वाफ्यात भेंडी लागलेली असते, पण तिथवर पोचायला गुडघाभर गवत तुडवावं लागतं. चप्पल चिखलात रुतते. गवतात काय असेल या धास्तीने घरातलं कुणी पुढे जात नाही. भेंड्या झाडावरच जून होतात आणि गणपती येईपर्यंत बागेचा नाद सुटलेला असतो.

अशा वेळी दोष पावसाला किंवा बियाण्याला दिला जातो. खरी चूक बऱ्याचदा वाटेची असते. वाफ्याची माती, शेणखत, बी यांचा विचार होतो. वाट मात्र वाफे पाडून उरलेली जागा समजली जाते. या उरलेल्या जागेकडे उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे नीट लक्ष दिलं, तर पावसाळाभर फारसं काही करावं लागत नाही.

वाटेवर इतकं तण का उगवतं?

कारण तिथे तणाला हवं ते सगळं मिळतं. वाफ्यातलं पाणी आणि खताचा अंश पाझरून वाटेकडे येतो. वाफ्यात भाजीच्या पानांची सावली असते, वाटेवर स्वच्छ ऊन. तणाचं बारीक बी मातीच्या वरच्या थरात वर्षानुवर्षं पडून असतं. उजेड आणि ओल मिळाली की ते रुजतं. खुरपणी केली की खालचं बी वर येतं आणि पंधरा दिवसांत नवी हिरवळ दिसते. म्हणून नुसतं खुरपत राहणं हे काम कधी संपत नाही. माती उघडी राहू न देणं हाच त्यावरचा उपाय आहे.

पण काय झाकताय, हे आधी बघावं लागतं. घोळ, केना, माठ, गाजरगवत ही तणं मुख्यतः बियांपासून येतात. जाड आच्छादनाखाली त्यांचा बराच बंदोबस्त होतो. त्यातला केना जरा चिवट असतो. उपटलेल्या केन्याचा तुकडा ओल्या मातीत पडला तर पेऱ्यातून मुळं फुटतात. शिवाय तो जमिनीखालीही फुलतो आणि तिथेच बी धरतो. घोळही उपटून तिथेच टाकली तर पुन्हा धरते. तिची भाजी करणं उत्तम.

गाजरगवत मात्र फुलण्याआधीच काढायला हवं. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं हे तण आज देशभर पसरलं आहे. एकेक झाड हजारो बिया टाकतं. अंगाला लागलं की अनेकांना खाज आणि पुरळ येतं, काहींना परागकणांमुळे दम्याचा त्रास होतो. ते हातमोजे घालूनच उपटावं.

लव्हाळा असेल तर घाई नको

खरी डोकेदुखी लव्हाळा आणि हरळी यांची. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण त्याचा दांडा चिमटीत धरून फिरवला तर तीन कडा बोटाला लागतात. जमिनीखाली त्याच्या गाठींची माळ असते. आयुर्वेदात नागरमोथा म्हणून या कुळातल्या गाठी वापरतात. बागेत मात्र त्या नकोशा होतात. कुदळ किंवा पॉवर वीडर फिरवला की माळ तुटते आणि सुटी झालेली गाठ स्वतंत्रपणे फुटू शकते. त्यामुळे लव्हाळ्याच्या वाटेवर एकदाच जोमाने खणणं म्हणजे बऱ्याचदा लव्हाळ्याची लागवड करणं. त्याचा कोंब टाचणीसारखा टोकदार असतो. पातळ मल्चिंग पेपर तो आरामात भोसकून वर येतो.

एप्रिल-मे हा त्याला गाठण्याचा काळ. वाट वीतभर खोल खणून ढेकळं उलटी करायची, सापडतील तेवढ्या गाठी वेचायच्या आणि माती कडक उन्हात तशीच तापू द्यायची. कोरड्या मातीत उघड्या पडलेल्या गाठी वाळून मरतात. मात्र या काळात तिथे पाणी जाता कामा नये. पहिल्या पावसानंतर उरलेल्या गाठी फुटतील, त्या फुटू द्याव्यात. मग दर पंधरा दिवसांनी दोन-तीनदा कोंब काढायचे. नव्या गाठी धरण्याआधीच कोंब तोडले की जुन्या गाठीतला साठा संपत जातो. त्यानंतर वाट झाकावी. लव्हाळा दाट सावलीत दुबळा होतो, म्हणून आच्छादन इथे उपयोगी पडतं. पण ते या सगळ्यानंतर.

ज्या वाटेवर फक्त बियांचं तण आहे, तिथे आणखी सोपी युक्ती चालते. मे महिन्यात माती भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवायचं, कडा मातीने दाबायच्या आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं. आतल्या उष्णतेने वरच्या थरातलं बरंचसं बी मरतं. काळं प्लास्टिक इतकी माती तापवत नाही.

तणनाशक मारून मोकळं व्हावं, असं अनेकांना वाटतं. पण वाट आणि वाफा यांत वीतभराचं अंतर असतं आणि फवारा वाऱ्याने कुठेही जातो. शिवाय ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारने २०२२ मध्ये कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. काही जण वाटेवर मीठ टाकतात. ते पावसाबरोबर वाफ्यात उतरतं आणि भाजीच जळते.

वाट किती रुंद ठेवायची?

घमेलं किंवा बादली घेऊन चालायला दीड फूट पुरतं. हातगाडी न्यायची असेल तर अडीच फूट हवं. वाफा चार फुटांपेक्षा रुंद नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. ही शेवटची गोष्ट काळ्या मातीत फार महत्त्वाची. ओल्या काळ्या मातीवर पाय पडला की ती दबून घट्ट होते, मुळांना हवा मिळत नाही.

याचा मेहनतीशी थेट संबंध आहे. १५ फूट बाय २० फूट जागेत चार फुटांचे तीन वाफे आणि मध्ये दीड फुटांच्या दोन वाटा केल्या, तर वाटेखाली ६० चौरस फूट जातात. त्याच जागेत तीन फुटांचे तीन वाफे आणि दोन फुटांच्या तीन वाटा केल्या, तर वाटेखाली १२० चौरस फूट जातात. म्हणजे भाजी कमी आणि झाकायची, सांभाळायची जागा दुप्पट. वयस्कर माणसांना बसून काम करायला थोडी जास्त जागा लागते, तेव्हा एखादी वाट रुंद ठेवावी. सगळ्या नको.

झाकायचं कशाने?

आपल्या भागात जे फुकट किंवा स्वस्त मिळतं, त्याने. पश्चिम महाराष्ट्रात उसाचं पाचट, विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनचं किंवा गव्हाचं भुसकट, कोकणात भाताचा पेंढा आणि नारळाची सोडणं. लाकूड कापणाऱ्यांकडे ढलप्या मिळाल्या तर त्या सगळ्यांत जास्त टिकतात.

पद्धत एकच. तळाला पुठ्ठा अंथरायचा, त्यावरची चिकटपट्टी आणि पिना काढून. दोन पुठ्ठे एकमेकांवर किमान चार बोटं चढवायचे, नाहीतर तण नेमकं त्या फटीतून डोकं काढतं. पुठ्ठा चिंब भिजवून वर सहा इंच पाचट किंवा ढलप्या टाकायच्या. हा थर महिन्याभरात निम्मा बसतो, म्हणून सुरुवातीला हात आखडता घेऊ नये. वर सांगितलेल्या ६० चौरस फुटांच्या वाटेला सहा इंचांच्या थरासाठी ३० घनफूट माल लागतो. लोक इथेच चुकतात. दोन इंच पेंढा पसरतात आणि आच्छादनाचा उपयोग होत नाही असं ठरवून टाकतात.

गव्हाच्या किंवा भाताच्या काडात राहिलेले दाणे उगवतात, ते सहज उपटता येतात. बी धरलेलं गवत मात्र वाटेवर आणू नये. भाताचा तूस सावकाश कुजतो, पण हलका असल्याने पहिल्या मोठ्या सरीत वाहून जातो. तो एकटा वापरण्यात अर्थ नाही. नारळाची सोडणं पालथी ठेवावीत. उताणी राहिली की त्यांत पाणी साचतं आणि डासांची सोय होते.

भुसा किंवा ढलप्या टाकल्याने जमिनीतलं नत्र कमी होतं, असं ऐकायला मिळतं. ते मातीत मिसळल्यावर खरं आहे. वर नुसतं पसरल्यावर परिणाम मातीच्या पृष्ठभागापुरता राहतो, आणि वाटेवर नत्र कमी झालं तर तण कमीच उगवेल.

वाळवीची शंका मात्र रास्त आहे. पुठ्ठा आणि लाकूड तिला आवडतं. घराची भिंत, लाकडी चौकट, मांडवाचे खांब यांच्यापासून दोन-तीन फूट अंतरावर हे आच्छादन थांबवावं.

दगड, मुरूम आणि वीड मॅट

कोकणात पाऊस इतका असतो की वाटेला चराचंही काम करावं लागतं. तिथे वाट वाफ्यापेक्षा सहा इंच खाली ठेवून एका टोकाला उतार द्यावा. पेंढा वाहून जात असेल तर जांभ्याचे तुकडे किंवा चिरे बसवणं परवडतं. पण पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि पाय सटकतो. रोजच्या वाटेवर ते ब्रशने घासून काढावं लागतं. शहाबादी फरशी असेल तर खडबडीत बाजू वर.

देशावर मुरूम स्वस्त पडतो. चांगला ठोकून बसवला तर त्यात तण विरळ येतं. काळ्या मातीवर थेट टाकलेला मुरूम मात्र दोन पावसाळ्यांत खाली जातो. तिथे मुरुमाखाली जाड, पाणी झिरपू देणारं कापड घालण्यात अर्थ आहे.

तेच कापड, म्हणजे बाजारात मिळणारी काळी वीड मॅट, नुसती उघडी अंथरून कायमची सुटका होईल, ही अपेक्षा चुकीची आहे. पहिलं वर्ष छान जातं. मग तिच्यावर माती आणि पालापाचोळा साचतो, त्यात बी रुजतं आणि मुळं विणीत अडकतात. उपटायला गेलं की कापडच वर येतं. उन्हाने कडा फाटून प्लास्टिकचे धागे मातीत जातात, ते वेगळेच. खडीचंही तसंच होतं, शिवाय खडे वाफ्यात जातात आणि खुरप्याला लागतात.

सापांचं काय?

सैल, जाड काडाखाली उंदीर घर करतात आणि त्यांच्यामागे साप येतो. घोणस, फुरसं यांचे रंग पाचटात मिसळून जातात. म्हणून घराच्या दारापासून बागेपर्यंतची आणि जिथून रात्री जावं लागतं ती वाट मुरुमाची किंवा फरशीची, लांबून दिसेल अशी ठेवावी. आतल्या वाटांवर आच्छादन तुडवून घट्ट करावं, वाफ्याच्या कडेला ढीग करू नये. अंधार पडल्यावर टॉर्च आणि बूट हवेतच. शाळा किंवा अंगणवाडीच्या परसबागेत लहान मुलं अनवाणी फिरतात, तिथे हा नियम आणखी कडक पाळायला हवा.

नंतर किती काम उरतं?

पंधरा दिवसांतून एकदा वाटेवरून फेरी मारायची. तण मधोमध कमी आणि कडेने जास्त येतं, कारण हरळीचे धागे कुंपणाकडून आत सरकतात. बागेच्या बाहेरच्या कडेने फावड्याने चार बोटं रुंद, वीतभर खोल खाच मारून ठेवली की धागा खाचेत उघडा दिसतो आणि तिथेच तोडता येतो. खाच पावसाने बुजते, म्हणून महिन्या-दीड महिन्याने पुन्हा मारावी लागते.

पाचट आणि पेंढा वर्षभरात कुजतात, ढलप्या दोन वर्षं तरी काढतात. मे महिन्यात वाटेचा थर उकरला की खाली काळं, भुसभुशीत खत निघतं. ते उचलून वाफ्यात टाकायचं आणि वाटेवर पुन्हा पुठ्ठा अंथरायचा.