आबे फारिया : चमत्कार तपासणारा धर्मगुरू

पणजीच्या जुन्या सचिवालयाशेजारी १९४५ साली उभारलेला एक पुतळा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांच्या या कृतीत झगाधारी धर्मगुरू एका निद्रिस्त स्त्रीवर हात पसरून उभा दिसतो. आमच्या कट्टा परिसरातून गोव्यास जाणाऱ्या एखाद्याला तो कुणी मांत्रिक वाटला, तर नवल नाही. वस्तुतः आबे फारिया यांनी जगाला सांगितले ते नेमके याच्या उलट.

जोझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म १७५६ साली बारदेशातील कांदोळी येथे झाला. १७७१ मध्ये वडिलांबरोबर ते युरोपात गेले, १७८० मध्ये रोम येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि पुढे ते फ्रान्समध्ये राहिले.

त्यापूर्वी पॅरिसमध्ये मेस्मर नावाच्या वैद्याचा मोठा बोलबाला झाला होता. एक अदृश्य चुंबकीय द्रव रोग्याच्या देहात सोडून आपण व्याधी घालवितो, असा त्याचा दावा होता. त्याच्याभोवती जणू पंथच उभा राहिला. १७८४ मध्ये राजाने समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन व लाव्हाझिए होते. समितीने डोळे बांधलेल्या एका मुलास बागेतील झाडांजवळ नेले. ‘भारलेले’ झाड दूरच राहिले आणि मुलगा भलत्याच झाडाखाली मूर्च्छित पडला! द्रव नव्हे, हा कल्पनेचा प्रभाव, असा समितीने निर्णय दिला.

कल्पनेत एवढे बळ कसे, हा प्रश्न फारियांनी पुढे नेला. १८१३ पासून ते पॅरिसमध्ये जाहीर व्याख्याने देऊ लागले. माणसास खुर्चीवर बसवून, मन एकाग्र करावयास लावून, ते ‘झोपा’ अशी आज्ञा करीत. मात्र आपल्या अंगी काही शक्ती आहे, असे त्यांनी कधी म्हटले नाही. या निद्रेचे कारण निजणाऱ्याच्याच मनात आहे, असे ते सांगत. कोणी त्यांना भोंदू ठरविले, कोणाला त्यात सैतान दिसला. १८१६ मध्ये रंगभूमीवर त्यांची टवाळी झाली. १८१९ साली त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी ते निवर्तले.

हा इतिहास आम्हांस २०१२ साली आठवावयास हवा होता. मुंबईत विलेपार्ले येथील क्रुसावरील मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले, तेव्हा सनल एडामारुकू या बुद्धिवाद्याने ते जवळच्या गटाराचे, भिंतीत झिरपलेले पाणी असल्याचे सांगितले. आमच्याच काही बांधवांनी पोलिसांत तक्रारी केल्या; तो गृहस्थ देश सोडून फिनलंडला गेला. भिंत तपासण्याऐवजी आपण माणसास दोषी धरले.

ख्रिस्तसभेची रीत ही नव्हे. लूर्द येथे १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे आणि तेथे आलेल्या हजारो दाव्यांपैकी फारच थोडे चमत्कार म्हणून मान्य झाले आहेत. तेव्हा वाचकहो, रोग बरे करणारा कोणी दारी आला, मग तो भगत असो वा क्रूस धारण करणारा, तर तो श्रेय कोणास देतो, पैसा कोठे जातो आणि डॉक्टरांचे औषध बंद करावयास सांगतो काय, हे अवश्य विचारावे. असे विचारण्यात अश्रद्धा नाही.