दोन लिप्यांचे दगड

लातूर जिल्ह्यातील देवणी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तेथील जातिवंत गाईबैलांमुळे. अशा गावाचे नाव घेऊन यहुदी दफनभूमींविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु इतिहासाचा धागा कधी कधी बैलाच्या दावणीपाशीही सापडतो. कोकणात, जुन्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल नावाचा समाज कित्येक पिढ्या तेलाचे घाणे चालवीत असे. दर शनिवारी हे घाणे बंद राहत, म्हणून शेजारपाजारचे लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. बायबलच्या अनुवाद या पुस्तकातील शब्बाथाची आज्ञा पाहावी. तेथे विसावा केवळ घरधन्याला दिलेला नाही. तो दासदासींना आहे आणि बैलालाही आहे. धर्मग्रंथ हाताशी नसतानाही ही आज्ञा पाळणारे हे लोक कोण होते?

त्यांची परंपरा सांगते, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी चौलजवळच्या समुद्रात एक गलबत फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि लाटांनी किनाऱ्याला लावलेली प्रेते नवगाव येथे पुरण्यात आली. अलिबागजवळच्या त्या नवगावात आज स्मृतिस्तंभ उभा आहे आणि भोवती जुनी थडगी आहेत. वाचलेल्यांचे वंशज गावोगावी पांगले. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, नवगावकर ही त्यांची आडनावे म्हणजे कोकणाचा नकाशाच होय. भाषा मराठी झाली, पोशाख मराठी झाला. पण 'शमा' ही प्रार्थना, मुलांची सुंता, शनिवारचा विसावा आणि खवल्यांचाच मासा खाण्याचा नियम त्यांनी सोडला नाही. संदेष्टा एलिया याचे नाव घेऊन ते आजही पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचा मलिदा करतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातही या समाजात पश्चिम आशियातील यहुदी व भारतीय अशा दोन्ही वंशांचा वारसा आढळला.

मुंबईतील पहिले सभास्थान १७९६ साली बांधले गेले, ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर या लष्करी अधिकाऱ्याने. जवळच्या माणसांत त्याचे नाव होते सामाजी हसाजी. एकाच माणसाची ही दोन नावे लक्षात ठेवावीत. पुढे थडग्यांवरील लेख वाचताना ती उपयोगी पडतील.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले, तेव्हा बेने इस्राएलांची संख्या सुमारे वीस हजार होती. त्यांतील बहुसंख्य लोक पुढील काही दशकांत तिकडे गेले. येथे कोणी त्यांचा छळ केला नव्हता. पूर्वजांच्या भूमीची ओढ आणि उदरनिर्वाहाचा विचार त्यांना घेऊन गेला. तेथेही मार्ग सोपा नव्हता. आपण पूर्ण यहुदी आहोत हे मान्य करून घेण्यासाठी त्यांना आंदोलन करावे लागले आणि १९६४ साली इस्राएलच्या संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. आज भारतात हा समाज काही हजारांपुरता उरला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. माणसे गेली, थडगी मात्र येथेच राहिली.

यहुदी माणसाच्या लेखी याचा अर्थ काय, हे आम्ही समजून घेतले पाहिजे. आपल्या शहरांतील अनेक धर्मग्रामांत जागेअभावी काही वर्षांनी जुने थडगे उघडून त्याच जागी दुसरे दफन करतात. यहुदी धर्मनियमाप्रमाणे थडगे ही मृताची कायमची जागा असते. दफनभूमीला हिब्रू भाषेत 'बेथ हायीम', म्हणजे जीवितांचे घर, असे म्हणतात. म्हणूनच ती हरवणे हा त्यांना मृतावरचा अन्याय वाटतो.

या जाणिवेतून जगात मोठे कार्य उभे राहिले आहे. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाचे यहुदी व इतरधर्मीय विद्यार्थी या शतकाच्या आरंभापासून पूर्व युरोपात जाऊन, जेथे एकही यहुदी उरला नाही अशा गावांतील दफनभूमी साफ करीत आले आहेत. तेथील वारसांची कत्तल झाली होती. कोकणातील वारस सुखरूप आहेत. ते लोद, रामला, अश्दोद, दिमोना येथे नांदत आहेत आणि त्यांची नातवंडे आजीआजोबांचे गाव शोधीत कोकणात येतात. आडनाव गावापर्यंत आणून सोडते. खरी अडचण दगडापुढे उभी राहते.

बेने इस्राएलांच्या कित्येक थडग्यांवर हिब्रू व मराठी असे दोन्ही लेख असतात. इस्राएलमध्ये जन्मलेल्या नातवाला हिब्रू सहज वाचता येते, परंतु देवनागरी त्याला परकी झालेली असते. हिब्रू लेखात 'शमुवेल' असेल, तर मराठीत 'सामाजी' असेल. गाव आणि घरातले नाव हे बहुधा मराठीतूनच कळायचे. उलट देवणी-उदगीरच्या विद्यार्थ्याला मराठी ओळ घडाघडा वाचता येईल, पण हिब्रू अक्षरे त्याला मुकी राहतील. अर्धा दगड त्यांना वाचता येतो, अर्धा आम्हाला. पावसाळ्यामागून पावसाळे अक्षरे झिजवीत असताना दोघांनी शेजारी उभे राहून तो वाचला, तरच एक माणूस पुरता कळेल.

हे काम आम्ही कॅथलिकांनी का करावे? त्याला एक जुने कारण आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. त्याचे आईवडील सक्तीने ख्रिस्ती झालेले यहुदी होते. अहमदनगरच्या निजामशहावरही त्याने उपचार केले. औषधी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी, छुपा यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून, त्याची बहीण कातारिना हिला इन्क्विझिशनने जाळले. आणि १५८० साली ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. ख्रिस्ताच्या नावाने मेलेल्या माणसाचीही विश्रांती हिरावून घेतली गेली, ही आपल्याच किनाऱ्यावरची गोष्ट आहे. १९६५ साली व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राद्वारे यहुदीद्वेषाचा निषेध केला. पोप जॉन पॉल दुसरे १९८६ साली रोमच्या सभास्थानात गेले आणि २००० साली त्यांनी जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीत क्षमायाचनेची चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीमागोमाग हातांनीही काही केले पाहिजे.

काम साधे आहे. प्रथम सभास्थानाच्या विश्वस्तांची अनुमती घ्यावी. शनिवारी जाऊ नये. गवत हाताने काढावे. दगड केवळ पाण्याने व मऊ ब्रशने पुसावा, आम्ल वा सिमेंट लावू नये, अक्षरांत खडू वा रंग भरू नये. सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घेतले तर झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. हिब्रू सनातून ३७६० वजा केले, की इसवी सन जवळपास मिळतो. ५६६० म्हणजे १९००. प्रत्येक लेख वहीत उतरवून त्याची एक प्रत विश्वस्तांना द्यावी.

मराठवाड्याला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसली. जुन्या गावठाणांत वाडे राहिले, तशा पूर्वजांच्या समाध्या आणि कबरीही राहिल्या. गाव सोडावे लागते, पण पुरलेली माणसे बरोबर नेता येत नाहीत, हे या जिल्ह्यातील आजोबा नातवाला सांगू शकतात.

२ नोव्हेंबरला आपली कुटुंबे आपापल्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. त्याच सुमारास दिवाळीची सुटी असते. धर्मगुरूंनी व पालकांनी महाविद्यालयीन मुलामुलींचा एक गट सुटीत चार दिवस अलिबागला पाठवावा, असे आम्ही सुचवितो. तेथे मेणबत्तीची अपेक्षा नाही. यहुदी रीतीप्रमाणे थडग्यावर एक लहानसा खडा ठेवावा आणि दगडावरचे मराठी नाव मोठ्याने वाचावे.